नवा फोकसर बसवलेल्या छोट्या अपवर्ती दुर्बिणीला फाइंडर कसा जोडावा

छोट्या अपवर्ती, म्हणजे भिंगाच्या, दुर्बिणीचा मूळ फोकसर, म्हणजे नेत्रिका (डोळ्याजवळचे भिंग) पुढे-मागे सरकवून प्रतिमा स्पष्ट करणारा भाग, काढून त्या जागी दोन वेगांचा, दोन इंची क्रेफर्ड फोकसर बसवला की दुर्बिणीचे रूपच पालटते. फाइंडर, म्हणजे तारा शोधण्यासाठी मुख्य दुर्बिणीशी जुळवून तिच्यावर बसवलेली छोटी दुर्बीण, मात्र बेघर होतो, कारण अनेक छोट्या दुर्बिणींत त्याची खोबण, म्हणजे फाइंडर शू, जुन्या फोकसरच्याच अंगावर असते आणि जुन्या फोकसरबरोबर तीही जाते. ८० मिलीमीटर व्यासाच्या, ४०० मिलीमीटर नाभीय अंतराच्या माझ्या दुर्बिणीवर मी हे काम आधी चुकीचे केले आणि मग बरोबर. त्यानंतर मित्रांच्या आणि ओळखीच्या मंडळांच्या दुर्बिणींवरही ते अनेकदा केले. या कामाविषयी दिला जाणारा सल्ला बहुतेक वेळा ‘शू चिकटवा आणि मोकळे व्हा’ इतकाच असतो, आणि तो मला मुळीच मान्य नाही.

दुहेरी चिकटपट्टी वापरू नये. थंडीच्या रात्री ती घट्ट वाटते, पण मे महिन्यात दुर्बीण बंद गाडीतून वांगणीला किंवा आणखी कुठल्या अंधाऱ्या जागी नेली की उष्णतेने तिचा गोंद मऊ होतो आणि फाइंडरच्या वजनाने शू कणाकणाने सरकू लागतो. शू गळून पडला तर निदान कळते तरी, परंतु अर्ध्या अंशाने सरकलेला शू रात्रभर फसवत राहतो.

जागा ठरवण्यापूर्वी नवा फोकसर नीट पाहावा. त्याच्या स्थिर भागावर शूसाठी आटे पाडलेली भोके असतील तर तिथेच शू बसवावा, म्हणजे काम दहा मिनिटांत संपते. भोके फिरत्या कड्याच्या पुढे, म्हणजे फिरणाऱ्या भागावर असतील तर ती वापरू नयेत, कारण कॅमेऱ्यासाठी फोकसर फिरवला की फाइंडरही फिरतो आणि जुळवणी पुन्हा करावी लागते. दुर्बीण धरणाऱ्या कड्यांचा माथा सपाट असेल आणि त्यात भोक असेल तर तीही चांगली जागा आहे. यांपैकी काहीच नसेल तर नळीलाच भोके पाडावी लागतात. पुढचा सगळा मजकूर त्याच कामाविषयी आहे.

नळीच्या घेरावर शू कुठे यावा हे मोजपट्टीने ठरवू नये, डोळ्याने ठरवावे. डायगोनल (प्रकाश काटकोनात वळवणारा आरशाचा जोड) आणि नेत्रिका लावून दुर्बीण स्टँडवर चढवावी, फाइंडर कागदी चिकटपट्टीने तात्पुरता बांधावा आणि एकदा क्षितिजाकडे, एकदा जवळजवळ डोक्यावर रोखून दोन्ही वेळा फाइंडरमध्ये सहज डोकावता येते का ते पाहावे. स्टँडला एकच भुजा असेल तर फाइंडर भुजेच्या विरुद्ध बाजूस, माथ्यापासून साधारण ४५ अंश खाली घ्यावा. ठीक माथ्यावर बसवलेल्या सरळ फाइंडरमध्ये पाहताना डायगोनल नाकाशी येतो.

आता नळीच्या लांबीवरच्या जागेकडे वळू. मी चुकलो ते इथेच. पहिल्या वेळी दिसायला नीटस म्हणून मी शू नळीच्या मागच्या टोकाजवळ बसवला, त्यातला मागचा स्क्रू कडेपासून ४० मिलीमीटरवर आला आणि सव्वा इंची डायगोनल लावून महिनाभर सगळे सुरळीत चालले. मग दोन इंची डायगोनल आणला. त्यातला प्रकाशाचा मार्ग अधिक लांब असल्यामुळे प्रतिमा स्पष्ट करण्यासाठी फोकसरची सरकती नळी पूर्वीपेक्षा बरीच आत न्यावी लागली, आणि तिथे ती एका ठरावीक जागी अडखळू लागली. मी फोकसरलाच दोष दिला, त्याचा दाब देणारा स्क्रू घट्ट केला आणि आणखी जोर लावला. शेवटी फोकसर काढून पाहिले तेव्हा शूच्या स्क्रूच्या टोकाने सरकत्या नळीवर खोल ओरखडा पाडलेला दिसला. क्रेफर्ड फोकसरमध्ये दाते नसतात, बेअरिंग आणि दांडा यांच्यामधल्या घर्षणावरच नळी सरकते, त्यामुळे तिच्या गुळगुळीत पृष्ठावर उमटलेला ओरखडा बेअरिंगखाली आला की हाताला कायम जाणवत राहतो.

म्हणून भोकाची खूण करण्यापूर्वी फोकसर दुर्बिणीवरून उतरवावा, त्याची सरकती नळी पूर्ण आत घ्यावी आणि दुर्बिणीच्या नळीला टेकणाऱ्या कडेच्या पुढे ती किती डोकावते ते मोजावे. माझ्याकडे हे माप ५८ मिलीमीटर भरले. त्यात किमान १० मिलीमीटर मिळवावेत आणि शूचे मागचे भोक त्याच्याही पुढे घ्यावे. आज आपण नळी इतकी आत नेत नाही, हा विचार इथे करू नये. पुढे डायगोनल बदलतो, कॅमेरा येतो, आणि तेव्हा नळी आत जातेच.

शू पुढे घेतला तर स्क्रूची टोके प्रकाशाच्या वाटेत येतील, अशी भीती अनेकांना वाटते. ती निराधार आहे. एफ/५, म्हणजे नाभीय अंतर व्यासाच्या पाचपट असलेल्या, दुर्बिणीत नाभीपासून १५० मिलीमीटर पुढे मध्यावरच्या ताऱ्याच्या प्रकाशाचा शंकू अवघा ३० मिलीमीटर रुंद असतो. दोन इंची नेत्रिकेच्या दृश्यक्षेत्रातले कडेचे तारे धरले तरी ही रुंदी ६० मिलीमीटरच्या आत राहते, आणि ८० मिलीमीटर भिंगाच्या सरळ नळीचा आतला व्यास त्याहून बराच मोठा असतो. भिंतीतून पाच मिलीमीटर आत आलेला नट त्यामुळे प्रकाश अडवत नाही. मात्र चकाकता नट चंद्राचा किंवा रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड परावर्तित करतो, म्हणून त्याला चमक नसलेला काळा रंग द्यावाच.

दुसरी महत्त्वाची गोष्ट शूच्या दिशेची. शूच्या दोन भोकांत ३० मिलीमीटर अंतर असेल आणि त्यांपैकी एक भोक एकच मिलीमीटर बाजूला गेले, तर फाइंडर जवळजवळ दोन अंशांनी वाकडा बसतो, म्हणजे चार पूर्णचंद्र शेजारी शेजारी ठेवावेत इतका. मग जुळवणीचे स्क्रू शेवटपर्यंत फिरवूनही तारा मध्यावर येत नाही. नुसत्या नजरेने गोल नळीवर सरळ रेघ ओढता येत नाही. त्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी अॅल्युमिनियमची काटकोनी पट्टी, म्हणजे अँगल, नळीवर पालथी ठेवावी. तिच्या दोन्ही आतल्या बाजू नळीला टेकल्या की ती आपोआप अक्षाला समांतर बसते. तिच्या कडेने रेघ ओढावी आणि दोन्ही भोके त्या रेघेवरच घ्यावीत.

शूचा तळ सपाट असेल तर तो गोल नळीवर डुलतो. नळीभोवती पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर ठेवून गुंडाळावा आणि त्यावर शू नळीच्या लांबीच्या दिशेने घासत राहावा, म्हणजे त्याच्या तळाला नळीचाच बाक येतो. याला अर्धा तास लागतो, पण हे काम टाळू नये.

ड्रिल हातात घेण्यापूर्वी भिंग सुरक्षित करावे. भिंगाचे घर आट्यांवर निघत असेल तर ते पूर्ण घर काढून बाजूला ठेवावे, परंतु भिंगे धरून ठेवणारी आतली चकती कधीही सैल करू नये, कारण दोन भिंगांमधले अंतर आणि त्यांची परस्परांतली ठेवण एकदा बिघडली की घरी पूर्ववत करणे फार कठीण असते. घर निघत नसेल तर नळीत भोकाच्या जागेच्या पुढे ओल्या कापडाचा घट्ट बोळा भरावा आणि भिंगाकडची बाजू किंचित उंच ठेवावी, म्हणजे धातूचा कीस मागच्या उघड्या टोकाकडे येतो.

भोकाच्या खाली नळीत लाकडाचा गोलसर ठोकळा ठेवावा, नाहीतर पातळ पत्रा दबतो. पंचने खूण करावी, आधी २ मिलीमीटरचे आणि मग ४.५ मिलीमीटरचे भोक ड्रिल सावकाश चालवून पाडावे. कडा साफ करून कीस ओल्या कापडाने पुसून घ्यावा, आणि मगच बोळा काढावा.

नळीलाच आटे पाडून त्यात स्क्रू पिळावा, असे अनेकजण सांगतात. मी तसे करत नाही. या नळ्यांचा पत्रा साधारण दीड-दोन मिलीमीटर जाड असतो आणि एम४ स्क्रूच्या दोन आट्यांत ०.७ मिलीमीटर अंतर असते, म्हणजे सगळा भार अॅल्युमिनियमच्या दोन-तीन आट्यांवर येतो आणि तिसऱ्या-चौथ्या कसण्याला ते झिजतात. आतून चकती आणि नायलॉनची कडी असलेला नट लावावा. भोके मागच्या टोकापासून सात-आठ सेंटिमीटरवर असली तर दोन बोटांनी नट धरता येतो, आणि पुढच्या भोकासाठी तो लांब पट्टीच्या टोकाला चिकटपट्टीने लावून आत न्यावा. स्क्रू नटाबाहेर एक-दोन आट्यांपेक्षा जास्त येत असेल तर तो आधीच कापून कानशीने घासून घ्यावा. मग काळा रंग द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा, फोकसर बसवावा आणि सरकती नळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावी.

नव्या फोकसरचे वजन जास्त असल्यामुळे दुर्बीण मागे झुकत असेल तर ती कड्यांमध्ये थोडी पुढे सरकवावी.

जुळवणी दिवसा करावी, सूर्यापासून दूरच्या दिशेला. फाइंडर मुख्य नळीच्या अक्षापासून दहा सेंटिमीटर बाजूला असतो, त्यामुळे २० मीटरवरच्या खांबावर केलेली जुळवणी ताऱ्यांसाठी चंद्राच्या अर्ध्या व्यासाहून जास्त चुकते. तीच किलोमीटरभर दूरच्या मनोऱ्यावर केली तर चूक नगण्य राहते. रात्री ती ध्रुवताऱ्यावर पक्की करावी, कारण माग काढणारी मोटर नसली तरी तो दृश्यक्षेत्रातून निसटत नाही. मुंबई-पुण्यात तो क्षितिजापासून अवघा १८-१९ अंश वर असतो, तेव्हा उत्तरेकडे मोकळी गच्ची शोधावी. जुळवणी झाल्यावर फाइंडर शूमधून काढून पुन्हा बसवावा. तारा जागेवरून हलला तर फाइंडर प्रत्येक वेळी शूच्या पुढच्या टोकापर्यंत सरकवून, स्क्रूसमोरच्या भिंतीला दाबून धरावा आणि मग कसावा. तारा सलग तीनदा मध्यावर येईपर्यंत हे करावे.