गाडी चावी ओळखत नाही? वायरी सोलण्याआधी या चुका टाळा

सेल्फ लागतो, इंजिन एक-दोन सेकंद चालतं आणि विझतं. किंवा सेल्फ नुसता फिरत राहतो. मीटरमध्ये चावीचं किंवा कुलपाचं चित्र लुकलुकत असतं, पण तिकडे कुणाचं लक्ष नसतं. गाडी माझ्याकडे येते तेव्हा स्टिअरिंगखालचं कव्हर उघडलेलं, दोन-चार वायरी सोललेल्या आणि मूळ बिघाड होता तिथेच. वीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतोय, आणि हे बघून अजूनही जीव तुटतो.

पहिली चूक समजुतीतली आहे. ‘सिक्युरिटी’ म्हणून लोक ज्याला एकच वस्तू धरतात, त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. रिमोट दरवाजे उघडतो. तो साधारण 433 मेगाहर्ट्झवर चालतो आणि त्याला 3 व्होल्टचा बटण सेल लागतो. सायरन आणि त्याचे स्विच वेगळे. तिसरा इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न देणारी यंत्रणा. त्याची चिप चावीच्या मुठीत असते आणि तिला सेल नसतो. इग्निशनच्या कुलपाभोवती कॉइलचं एक कडं असतं, ते बहुधा 125 किलोहर्ट्झवर चिपला वीज पुरवतं आणि तिचा कोड वाचतं. कोड जुळला तरच ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजिन चालू देतो. म्हणून रिमोटचा सेल मेला तरी साध्या चावीची गाडी सुरू होते, आणि नवा सेल टाकून इमोबिलायझर बरा होत नाही.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक: चावीचं कव्हर बदलणं.

एकदा ऐन पावसाळ्यात कराडची एक डिझेल गाडी टो करून आली. आधी चार दिवस ती दुसऱ्या गॅरेजात उभी होती. तिथे डिझेल फिल्टर बदलला, मग पंप बदलला, शेवटी ‘ईसीएम गेलाय’ म्हणून सांगितलं. त्याच्या खर्चाचा आकडा ऐकून मालक हबकले होते. मी इग्निशन ऑन केलं, तर चावीचा दिवा लुकलुकतोय. विचारलं, “काका, चावी नवी केली का?” म्हणाले, “चावी तीच आहे. बटणं फाटली होती, म्हणून बाजारात जाऊन नवं कव्हर टाकून घेतलं. गाडी घरीच होती.”

मी मूठ उघडली. रिमोटची सर्किटची पट्टी जागेवर होती आणि चिपचा खाचा रिकामा. बऱ्याच चाव्यांमध्ये चिप त्या पट्टीवर नसते. चिंचोक्याहून लहान असा काळा तुकडा किंवा काचेची बारीक नळी प्लॅस्टिकमध्ये बसवलेली असते. पातं आणि पट्टी नव्या कव्हरात गेली, चिप जुन्यातच राहिली. नशीब, जुनं कव्हर काकूंनी टाकलं नव्हतं. मुलगा दुसऱ्या दिवशी एसटीने घेऊन आला. चिप काढून बसवली आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. फिल्टर आणि पंपाचे पैसे गेले ते गेलेच. दुसरी चावी घरच्या कपाटात होती, पण ती आणायला चार दिवसांत कुणी सांगितलं नाही.

म्हणून माझी सवय अशी: हत्याराला हात लावण्याआधी दुसरी चावी मागतो. तिने गाडी सुरू झाली, तर बिघाड पहिल्या चावीत. दोन्हींनी नाही झाली, तर कॉइल, तिचा कपलर (वायरींचा जोड), फ्यूज आणि वायरिंग बघायचं. पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही बघायच्या. यात घाईची पोरं हटकून चुकतात. त्यांना थेट ‘बायपास’ मारायचा असतो, म्हणजे इमोबिलायझर वगळून गाडी सुरू करायची असते. मी तो मारत नाही. चोराचं काम आपल्या हाताने करून द्यायचं, याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

दोन गाड्यांच्या चिपवाल्या चाव्या एका रिंगमध्ये ठेवू नका; कॉइलचा वाचताना गोंधळ होऊ शकतो.

बॅटरी न मोजता निदान करू नका. उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास हवेत आणि सेल्फ मारताना 9.6 च्या खाली जायला नको. व्होल्टेज कोसळलं की कंट्रोल युनिट भलतंसलतं वागतात आणि दोष चावीवर जातो.

बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्वस्तातल्या स्कॅनरने ‘कोड नाही’ म्हटलं म्हणून इमोबिलायझर ठीक आहे असं धरू नका. पी0513 हा चुकीच्या चावीचा सर्वसाधारण कोड आहे, पण पुष्कळ कंपन्या आपले कोड वेगळे ठेवतात आणि ते त्यांच्या मॉडेलसाठीच्या स्कॅनरलाच दिसतात. भंगारातला ईसीएम आणून जोडणं तर पैसे पाण्यात घालणं आहे. तो जुन्या गाडीच्या चाव्यांशी बांधलेला असतो.

बटण स्टार्टवाल्या गाडीत चावीचा सेल संपला, तर पुष्कळ मॉडेलमध्ये चावीच स्टार्ट बटणाला टेकवून धरायची. नेमकी जागा गाडीच्या पुस्तकात दिलेली असते.

बाहेरून बसवलेल्या अलार्मबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं. त्यात बहुधा इग्निशन तोडणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) असतो आणि तो बसवताना मूळ वायर कापलेली असते. सोल्डर नाही, नुसता पीळ देऊन वर टेप. दोन उन्हाळ्यांत टेपचा चिकटपणा जातो, तिसऱ्या पावसाळ्यात तांबं हिरवं पडतं. मग गाडी खड्ड्यात आपटली की बंद, आणि परत आपोआप सुरू. अशा तक्रारीत मी आधी तो रिले काढतो, कापलेली वायर सोल्डर करून श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवतो आणि आठवडाभर गाडी चालवायला सांगतो. रात्री विनाकारण सायरन वाजत असेल, तर बॉनेटचा स्विच बघा. तिथे पाणी आणि गंज दोन्ही पोहोचतात.

जुनी गाडी घेणार असाल, तर दोन्ही चाव्या मागा. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मागते, आणि एकही चावी उरली नाही तर नवी प्रोग्राम करायचा खर्च फार वाढतो. व्यवहाराच्या दिवशी दोन्ही चाव्या तिथेच लावा आणि प्रत्येकीने इंजिन पाच मिनिटं चालू ठेवून बघा.