बायोप्सीचा रिपोर्ट हाती आल्यावर मोबाइलवर काय आणि कसे शोधावे

विदर्भातील खेड्यांत खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) घरोघरी पोचला आहे आणि त्यामागोमाग तोंडाचा कॅन्सरही. बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा किंवा जखमेचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट आला की तो बहुधा घरातल्या शिकलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती दिला जातो. अशा वेळी ‘तोंडाचा कॅन्सर उपचार’ एवढेच टाइप केल्यास वरच्या बाजूला अनेकदा जाहिराती येतात. त्यांवर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ लिहिलेले असते, तिकडे आधी लक्ष द्यावे.

शोध रिपोर्टमधील शब्दांवरूनच घ्यावा. तोंडाच्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’ असे निदान असते. त्याचे इंग्रजी स्पेलिंग रिपोर्टवर जसे आहे तसेच टाकावे. पुढे ‘वेल’, ‘मॉडरेटली’ किंवा ‘पुअरली डिफरन्शिएटेड’ असे लिहिलेले आढळते. हा झाला ग्रेड, म्हणजे पेशी निरोगी पेशींपेक्षा किती बदललेल्या दिसतात त्याची नोंद. स्टेज ही वेगळी गोष्ट आहे: गाठ किती मोठी आहे, आजार मानेतील गाठींपर्यंत किंवा शरीरात इतरत्र पोचला आहे का, हे तपासणी आणि स्कॅननंतर ठरते. ‘ग्रेड ३’ म्हणजे तिसरी स्टेज असे समजून घरातल्यांनी धीर सोडू नये, म्हणून हा फरक सर्वांना समजावून सांगावा.

वाचण्यासाठी मुंबईचे टाटा मेमोरियल, जागतिक आरोग्य संघटना आणि अमेरिकेची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट यांची संकेतस्थळे विश्वासार्ह आहेत. इंग्रजी पान मोबाइलवर मराठीत करून वाचता येते. मात्र औषधांची नावे आणि डोस यांबाबत त्या भाषांतरावर विसंबू नये. पाच वर्षे जगण्याच्या टक्केवारीचे आकडे पूर्वी उपचार घेतलेल्या अनेक रुग्णांचे असतात. त्यावरून आपल्या माणसाचे भवितव्य ठरवू नये.

व्हिडिओंच्या बाबतीत फार सावध राहावे. ‘बायोप्सीने कॅन्सर पसरतो’ ही भीती निराधार आहे, पण तिच्यापायी उपचार लांबतात आणि आजार वाढतो. झाडपाल्याच्या रसाने बरा झालो असे सांगणाऱ्या माणसाने ऑपरेशन किंवा रेडिएशनही घेतले होते का, हे व्हिडिओत क्वचितच सांगितले जाते.

खर्चाची चौकशी त्याच दिवशी सुरू करावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती 155388 या क्रमांकावर मिळते. निवडलेले रुग्णालय योजनेत आहे का आणि तेथे ऑपरेशन व रेडिएशन दोन्ही योजनेतून होतील का, हे तेथील आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) विचारावे.

वाचताना पडलेले प्रश्न कागदावर उतरवून डॉक्टरांकडे न्यावेत: स्टेज कोणती, आधी ऑपरेशन की केमो, नंतर तोंड किती उघडेल, जेवण कसे घ्यायचे. रेडिएशन साधारणपणे आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे चालते. त्यामुळे नागपूर किंवा सेवाग्रामला तेवढे दिवस राहण्याची सोय कुठे होईल, हाही प्रश्न त्याच कागदावर लिहावा.