आतड्याचा कॅन्सर पसरलाय, आता उपचार कोणता? ठरवण्याआधी करायची कामं

काका टेलर. चाळीस वर्षं तालुक्याच्या गावी शर्ट-पँटचं दुकान. मोठ्या आतड्यातली गाठ सापडली, सीटी स्कॅन झाला आणि रिपोर्टमध्ये दिसलं की लिव्हरमध्येही तीन गाठी आहेत. त्या रात्री घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस. उद्याच केमो सुरू करा, केमो अजिबात करू नका, अमुक वैद्यांकडे न्या. पुढच्या वर्षभरात जे शिकलो, ते त्या रात्री कुणी क्रमाने सांगितलं असतं तर दोन-तीन चुका टळल्या असत्या.

आधी फाइल लावा

कोलोनोस्कोपी, बायोप्सी, सीटी आणि सीईए या रक्त तपासणीचे रिपोर्ट तारखेनुसार लावा. स्कॅनचा कागद पुरत नाही, सीडी लागते, कारण सर्जन चित्रं स्वतः बघतात. बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपून ठेवलेले गाठीचे तुकडे) आणि स्लाइड लॅबमधून मागून घ्या. दुसऱ्या रुग्णालयात मत घ्यायला गेलात की पहिली मागणी त्यांचीच होते.

मग विचारा: हा उपचार कशासाठी?

उत्तरं साधारण तीन असतात: पूर्ण बरं करण्यासाठी, आयुष्य वाढवण्यासाठी किंवा त्रास कमी करण्यासाठी. हे कळल्याशिवाय औषधांची तुलना करण्यात अर्थ नसतो. बरं होण्यासाठी माणूस जेवढं सोसेल, तेवढं चार महिने वाढवण्यासाठी सोसेलच असं नाही.

चौथा टप्पा, म्हणजे कॅन्सर दूरच्या अवयवात पसरलेला, आला की सगळं संपलं, हा समज या कॅन्सरला सरसकट लागू होत नाही. गाठी फक्त लिव्हरमध्ये असतील आणि शस्त्रक्रियेने पूर्ण निघाल्या, तर अशा निवडक रुग्णांपैकी साधारण १०० पैकी ४० जण पाच वर्षांनंतरही हयात असतात, आणि काही कायमचे बरे होतात. म्हणून 'काढता येणार नाही' हे वाक्य लिव्हरच्या शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या सर्जनकडून ऐका. कधी आज न निघणाऱ्या गाठी दोन-तीन महिन्यांच्या केमोने आकसतात आणि मग काढता येतात. तेव्हा सर्जनला केमोच्या आधीच दाखवा, शेवटी नको. काकांच्या गाठी मोठ्या रक्तवाहिन्यांना खेटून होत्या. दोन सर्जननी पाहून नको म्हटलं, तेव्हा मनातली रुखरुख तरी संपली.

ब्लॉकवरच्या तपासण्या

केमोच्या पहिल्या सायकलआधी, म्हणजे पहिल्या फेरीआधी, विचारा: एमएसआय किंवा एमएमआर, आरएएस, बीआरएएफ आणि हर-टू या, गाठीतल्या जनुकांतले आणि प्रथिनांतले बिघाड शोधणाऱ्या, तपासण्या पाठवल्या का? यांचा खर्च पाहून 'नंतर बघू' म्हणायचा मोह होतो. आवरा, कारण औषध यावरच ठरतं.

चौथ्या टप्प्यातल्या १०० पैकी चार-पाच जणांत एमएसआय 'हाय' येतो. त्यांच्यासाठी पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध वापरणारं औषध, आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या औषधावर निम्म्या रुग्णांचा आजार निदान १६.५ महिने वाढला नाही, केमोवर हाच काळ ८.२ महिने होता. असा रिपोर्ट आला तर भावंडांची आणि मुलांचीही चौकशी करायला सांगतात, कारण काही घरांत हा दोष आनुवंशिक असतो.

सेटुक्सिमॅब, पॅनिटुमुमॅब ही औषधं आरएएसमध्ये बिघाड असेल तर उपयोगी पडत नाहीत, आणि जवळपास निम्म्या रुग्णांत तो असतो. मूळ गाठ आतड्याच्या डाव्या बाजूला असेल तरच सुरुवातीला त्यांचा चांगला फायदा दिसतो. म्हणजे 'गाठ डावीकडे की उजवीकडे?' हा प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही.

रुग्णाचा धंदा सांगा

आमची मोठी चूक इथे झाली. काकांना फॉलफॉक्स ही केमो सुरू झाली, तिच्यात ऑक्सॅलिप्लॅटिन हे औषध असतं. दर पंधरा दिवसांनी सलाइन, मग ४६ तास चालणारा छोटा पंप. तो कापडी पिशवीत गळ्यात अडकवून ते एसटीने घरी यायचे आणि काढायला परत जायचे. पहिल्या सायकलनंतर त्यांनी फ्रिजमधली ताकाची बाटली उचलली आणि करंट लागल्यासारखी सोडून दिली. ऑक्सॅलिप्लॅटिनमुळे थंड वस्तू अशी चावते, ते सांगितलेलं होतं. पण याच औषधाने बोटांची टोकं हळूहळू बधिर होतात आणि ती बधिरता महिनोन्‌महिने राहू शकते, हे टेलरच्या बाबतीत काय ते कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्या रुग्णालयात धंदा विचारला नाही आणि आम्हीही सांगितला नाही. सहाव्या सायकलनंतर सुईत दोरा ओवता येईना.

तेव्हा कळलं की इरिनोटेकन या दुसऱ्या औषधावर आधारलेलं फॉलफिरी सुरुवातीच्या उपचारात साधारण तेवढंच परिणामकारक असतं. त्यात जुलाब होतात, केस जातात, पण बोटं वाचतात. काका म्हणाले, "केसांचं काय, टोपी शिवीन." दर तीन आठवड्यांनी सलाइन आणि मध्ये चौदा दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, असाही पर्याय असतो. पंप नाही, खेपा कमी, मात्र तळहात-तळपाय सोलवटतात. घर लांब असेल तर जरूर विचारा. आणि केमो कुठलीही असो, ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर सकाळची वाट बघू नका. काढे-भस्मं सुरू असतील तर डॉक्टरांपासून लपवू नका, काहींचा लिव्हरवर परिणाम होतो.

पैसा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड घेऊन आधी त्याला भेटा. नेमकी कोणती औषधं पॅकेजमध्ये बसतात, हे औषधाचं नाव घेऊन विचारा. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. केमोसोबत देतात त्या बेव्हॅसिझुमॅबसारख्या औषधाच्या भारतीय आवृत्त्या बऱ्याच स्वस्त मिळतात.

दुसरं मत, आणि रुग्ण खोलीत

दुसरं मत घेतलं म्हणून डॉक्टर रागावत नाहीत, निदान चांगले तरी. परळच्या टाटा मेमोरियलला रांग मोठी असते, पण रिपोर्ट ऑनलाइन पाठवून तिथल्या तज्ज्ञांचं मत घ्यायची सोय आहे. 'डॉक्टर, जरा बाहेर या, त्यांच्यासमोर नको' हे आम्हीही केलं. काका तिसऱ्या दिवशी म्हणाले, "माप माझं आहे ना, मग मला का नाही विचारत?" त्यानंतर सगळं त्यांच्यासमोर.

दोन प्रकारची केमो हरली की रेगोराफेनिब किंवा ट्रायफ्लुरिडिन-टिपिरासिल सुचवतात. ती एकटी दिली तर चाचण्यांतला सरासरी फायदा दीड-दोन महिन्यांचा आहे. तेव्हा 'काहीच केलं नाही तर?' हेही विचारा. त्रास कमी करणाऱ्या, म्हणजे पॅलिएटिव्ह, सेवेची चौकशी मात्र तोवर थांबवू नका, ती केमोसोबतच सुरू करता येते. पुण्यात वारज्याला अशा सेवेचं सिप्लाचं मोफत केंद्र आहे.

सायकल थोडी पुढे ढकलता येते का, हेही विचारायला लाजू नका. काकांनी दिवाळीआधीची विचारली. डॉक्टरांनी रक्ताचे रिपोर्ट पाहिले, कॅलेंडर पाहिलं आणि आठवडा दिला. त्या दिवाळीत कटिंग काकांनी केलं, काजं-बटणं पोराने लावली.