कामासाठी गुडघ्याचे पॅड निवडताना

गुडघ्याचे पॅड विकत घेताना बहुतेकांचा अंगठा आधी पुढच्या गादीवर पडतो, आणि गादी मऊ लागली की पॅड चांगले, असा निकाल तिथल्या तिथे लागतो. कामावर मात्र तेच पॅड दुपारपर्यंत पायातून निघून कोपऱ्यात जाऊन पडते. त्याचे कारण गादी क्वचितच असते. पाय दुमडतो तिथे पट्टा रुतत असतो, नाहीतर उभे राहिल्यावर पॅड घसरून नडगीवर उतरत असते. म्हणून आधी पट्टा, मग आकार आणि शेवटी गादी, असा क्रम निवडताना धरावा, असे माझे मत आहे. लादी बसवण्याच्या कामासाठी माझी पहिली जोडी मी नेमकी उलट्या क्रमाने घेतली होती. तिसऱ्या दिवशी ती पिशवीत गेली आणि पुन्हा बाहेर आली नाही.

पॅडने नेमके काय झाकायचे आहे, हे कळण्यासाठी गुडघ्यावरचा भार कुठे पडतो ते पाहिले पाहिजे. गुडघे टेकून ताठ राहिले की भार मुख्यतः वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला जो हाडाचा उंचवटा हाताला लागतो, त्याच्या आसपास येतो. पुढे वाकून हात लांब केला की तोच भार वाटीवर सरकतो. या दोन्ही जागी कातडीखाली पातळ द्रवाची छोटी पिशवी असते, जिला वैद्यकात बर्सा म्हणतात, आणि सततच्या दाबाने व घासण्याने ती सुजते. वाटीपुढच्या सुजेला इंग्रजीत मोलकरणीचा गुडघा आणि वाटीखालच्या सुजेला धर्मगुरूचा गुडघा अशी नावे पडली आहेत, कारण एक जण फरशी पुसताना पुढे वाकतो आणि दुसरा प्रार्थनेला ताठ बसतो. लादी, प्लंबिंग किंवा वायरिंगचे काम करणारा माणूस दिवसभर या दोन्ही स्थितींमध्ये मागेपुढे होत असतो, त्यामुळे त्याच्या पॅडची गादी वाटीच्या थोडी वरून सुरू होऊन तो उंचवटा ओलांडून खालपर्यंत गेलेली असावी. फक्त वाटी झाकणारी गोल, आखूड पॅड खेळासाठी बनवलेली असतात. पडल्यावर लागणारा मार ती अडवतात, पण तासन्‌तास टेकून बसण्याचा भार सोसणे हे त्यांचे काम नव्हे.

आता पट्ट्याकडे वळू. गुडघ्याच्या अगदी मागे, जिथे कातडीला घडी पडते, तिथून पायाच्या मुख्य रक्तवाहिन्या आणि नसा जातात. बाहेरच्या बाजूला, गुडघ्याच्या किंचित खाली हाताला जी हाडाची गोळी लागते, तिला वळसा घालून एक नस कातडीच्या फार जवळून जाते. पट्टा या नसेवर आवळला गेला तर पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या येतात, आणि असा दाब फार वेळ राहिला तर पाऊल वर उचलणेही जड जाते. म्हणून पट्टे घडीत न येता एक मांडीच्या खालच्या भागावर आणि एक पोटरीच्या वर, गोळीच्या खालून, असे बसणारे पॅड पाहावे. पट्टा रुंद आणि ताणला जाणारा असावा; अरुंद, न ताणणारा पट्टा उभ्याने बरोबर वाटतो, पण पाय दुमडला की पोटरी व मांडी फुगतात आणि तो दोरीसारखा आवळतो. पट्टा नेहमी पाय दुमडलेला असताना बांधावा. मग तो पट्ट्याखाली दोन बोटे सहज जातील इतका सैल असावा आणि उभे राहिल्यावरही पॅड जागेवर राहिले पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधत नसतील तर ते पॅड आपल्या पायासाठी नाही असे समजून पुढचे पाहावे. वेल्क्रो लावायला सोपे असते, पण लाकडाचा भुसा, सिमेंटची धूळ आणि दोरे त्यात अडकून त्याची पकड जाते. सुताराने शक्यतो बकल असलेला पट्टा घ्यावा.

पुढचे कवच कोणत्या जमिनीवर काम आहे त्यावरून ठरते. खडी, सळईचे तुकडे, खिळे पडलेली कच्ची जमीन असेल तर कडक प्लास्टिकचे कवच हवे, कारण ते टोचणारी वस्तू आत येऊ देत नाही. हेच कवच गोलाकार असून गुळगुळीत लादीवर टेकले तर मात्र गुडघा गोट्यावर ठेवल्यासारखा डावीउजवीकडे डोलतो आणि तोल सावरण्यासाठी मांडीचे स्नायू दिवसभर राबतात. संध्याकाळी दुखते ती मांडी, आणि दोष कोणी पॅडला देत नाही. तयार फरशीवर किंवा लाकडी जमिनीवर काम असेल तर पुढून सपाट, मऊ रबराचे, ओरखडे न पाडणारे पॅड घ्यावे. ते घसरत नाही. गुडघ्यावर सरकत सरकत पुढे जाण्याची सवय असलेल्यांना ही पकड सुरुवातीला त्रासदायक वाटते, हेही खरे आहे. वेल्डिंग किंवा ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात तिथे उघडा फोम वितळतो, म्हणून बाहेरून चामडे असलेले पॅड लागते.

गादीत साधारणपणे फोम, जेल किंवा दोन्ही असतात. बोटाने दाबताच तळापर्यंत जाणारी गादी दुकानात सुखाची वाटते, पण शरीराचा भार आल्यावर ती पूर्ण दबते आणि गुडघा जवळजवळ थेट जमिनीवर येतो. जेल दाब छान पसरवते, मात्र ते जड असते आणि उष्णता धरून ठेवते; माझ्या मते आतल्या बाजूला जेलचा पातळ थर आणि त्याखाली घट्ट फोम ही जुळणी सर्वांत बरी. परीक्षेसाठी एक साधा उपाय करावा: फरशीवर एक नाणे ठेवून त्यावर पॅडसह गुडघा टेकवावा आणि मिनिटभर पुढेमागे झुकावे. नाणे कुठे आहे हे गुडघ्याला सांगता आले तर गादी अपुरी आहे. ओल्या जागी काम असेल तर बंद पेशींचा, म्हणजे आतले हवेचे कप्पे एकमेकांना न जोडलेला, फोम घ्यावा, कारण तो पाणी पीत नाही.

पाण्यापेक्षाही सिमेंटचा ओला माल अधिक धोक्याचा असतो. ओले सिमेंट तीव्र अल्कली असते, त्याचा पीएच १२ ते १३ च्या घरात जातो, आणि ते कातडी हळूहळू भाजते. सुरुवातीला वेदना होत नसल्यामुळे ते लक्षातही येत नाही. स्पंजासारख्या पॅडने किंवा कापडी पट्ट्याने हा माल शोषून घेतला की तोच लेप तासन्‌तास कातडीला चिकटून राहतो. गवंड्याने आणि काँक्रीटवर काम करणाऱ्याने द्रव न शोषणारे पॅड वापरावे, आणि पॅन्ट किंवा पॅड भिजल्याचे जाणवताच ते काढून पाय भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावा.

ज्यांना पट्टा कोणत्याही प्रकारे सोसत नाही, त्यांच्यासाठी पॅन्टच्या खिशात सरकवण्याची पॅड असतात. पट्टा नसल्याने ती फार सुखाची होतात, पण खिसा योग्य उंचीवर असेल तरच. गुडघा टेकताना पॅन्ट वर ओढली जाते, त्यामुळे उभ्याने बरोबर दिसणारे पॅड टेकल्यावर मांडीकडे सरकलेले आढळते; खिशाची उंची गुडघे टेकूनच तपासावी. एकाच जागी बसून काम असेल, उदाहरणार्थ पाइपजोडणी किंवा मीटरचे काम, तर जाड गादी जमिनीवर टाकणे सर्वांत सोपे. सारखे सरकावे लागत असेल तर तीच गादी ओढत फिरणे नकोसे होते.

पाकिटावर ईएन १४४०४ असे लिहिलेले आढळले तर त्याकडे लक्ष द्यावे. गुडघे टेकून करायच्या कामासाठीच्या पॅडचे हे युरोपीय मानक आहे. पट्ट्याने बांधायची पॅड त्यात पहिल्या प्रकारात, खिशात घालायची दुसऱ्या आणि जमिनीवर टाकायची गादी तिसऱ्या प्रकारात मोडते. त्याशेजारी पातळीचा आकडा असतो: शून्य पातळीचे पॅड फक्त सपाट जमिनीसाठी असते आणि टोचण्यापासून संरक्षण देत नाही, पहिल्या पातळीचे किमान १०० न्यूटन आणि दुसऱ्या पातळीचे किमान २५० न्यूटन जोराच्या टोचणीला अडवते. १०० न्यूटन म्हणजे साधारण दहा किलो वजनाचा जोर. घरातल्या फरशीच्या कामाला दुसरी पातळी मुद्दाम शोधण्याची गरज नाही. खडीवर मात्र शून्य पातळीचे पॅड घेऊन बसू नये.

घेण्यापूर्वी पॅड कामाच्याच पॅन्टवर बांधून किमान दहा मिनिटे टेकावे, पुढे हात लांबवावा, उठून चालावे, शक्य असल्यास दोन-चार पायऱ्या चढाव्यात आणि पुन्हा टेकावे. दुकानदार कंटाळेल, त्याला कंटाळू द्यावे. चांगले पॅडसुद्धा दाब पसरवते, पण गुडघा घडी घालून बसल्याचा सांध्यावरचा ताण कमी करत नाही. त्यासाठी अधूनमधून उठून पाय सरळ करावेच लागतात. गुडघा लाल, गरम आणि सुजलेला दिसला तर पॅड बदलून पाहण्यात दिवस घालवू नयेत, डॉक्टरांना दाखवावे, कारण त्या पिशवीत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो.

वापरात आल्यावर पॅड साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवावे. उन्हात किंवा तापलेल्या गाडीत पडून राहिलेला फोम लवकर कडक होऊन चिरतो. महिन्यातून एकदा गादी अंगठ्याने जोरात दाबून सोडावी, आणि खळगा भरून यायला वेळ लागू लागला की जोडी बदलण्याची वेळ आली असे समजावे. तपासताना दोन्ही पॅड वेगवेगळी पाहावीत, कारण बहुतेकांना एका गुडघ्यावर जास्त टेकण्याची सवय असते आणि त्या बाजूचे पॅड दुसऱ्याच्या कितीतरी आधी बसते.