थिन क्लायंटच्या लॅबमध्ये नुडी आणि विंडोजचे इतर प्रोग्रॅम

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी हायस्कूलमध्ये मी लॅब सांभाळतो. मुलांचं काम मराठीत, पण शिक्षण खात्याकडे जाणारा कागद कन्नडमध्ये. त्यासाठी लागतं कन्नड गणक परिषदेचं ‘नुडी’ हे कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर, आणि ते विंडोजचं. टेबलावर मात्र थिन क्लायंट, म्हणजे हार्ड डिस्क नसलेली छोटी मशीनं. एलटीएसपी या सॉफ्टवेअरमुळे एका सर्व्हरवरून, नेटवर्कमार्फत त्यांच्यात उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) सुरू होतं. यावर विंडोजचे प्रोग्रॅम कसे चालवता, असं निपाणी-बेळगावकडचे शिक्षक विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी प्रोग्रॅमांची यादी करा आणि निम्मी खोडा. पत्रं, तक्ते लिब्रेऑफिसमध्ये होतात. जिओजेब्रा लिनक्सवर आहे. मराठीसाठी उबुंटूतला इनस्क्रिप्ट कीबोर्ड पुरतो. उरतात ते दोन प्रकारचे प्रोग्रॅम: सीडीवरून आलेले साधे शैक्षणिक प्रोग्रॅम, आणि हट्टी, म्हणजे खऱ्या विंडोजशिवाय काम न भागणारे.

साध्यांसाठी वाईन, म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर. इथे बहुतेक जण अडकतात ते एकाच ठिकाणी. वाईन प्रत्येक खात्याच्या घरात ‘डॉट वाईन’ नावाचा लपलेला फोल्डर करतं आणि त्यातच आपला सी ड्राइव्ह ठेवतं. सरांनी आपल्या खात्यात बसवलेला प्रोग्रॅम मुलाला दिसत नाही. सगळ्यांना एकच फोल्डर द्यावा, तर तो दुसऱ्याच्या मालकीचा म्हणून वाईन उघडायलाच नकार देतं. तेव्हा एका नमुना खात्यात सगळं बसवा, चालवून बघा, मग तो फोल्डर प्रत्येक मुलाच्या घरात कॉपी करा आणि मालकी त्या मुलाच्या नावावर करा. मालकी बदलायची राहिली तर सगळी मेहनत वाया. एलटीएसपी 2019 मध्ये नव्याने लिहिलं गेलं, तेव्हापासून प्रोग्रॅम टेबलावरच्याच मशीनच्या रॅममध्ये चालतात. मशीन अशक्त असेल तर वाईनचा हट्ट सोडा.

नुडी हट्टी गटातलं. ते कीबोर्डवरची अक्षरं मध्येच पकडून बदलतं, आणि वाईनमधला प्रोग्रॅम लिनक्सच्या लिब्रेऑफिसपर्यंत पोहोचत नाही. अशांसाठी वेगळा विंडोज सर्व्हर ठेवा, त्यावर रिमोट डेस्कटॉपची ‘सेशन होस्ट’ भूमिका बसवा, म्हणजे अनेक मुलं नेटवर्कवरून एकाच वेळी त्यावर काम करू शकतात. क्लायंटवर त्या सर्व्हरला जोडणारा रेमिना किंवा फ्रीआरडीपी हा प्रोग्रॅम. नुडी आणि ज्यात टाइप करायचं तो वर्ड प्रोसेसर, दोन्ही त्या सर्व्हरवरच हवेत. साध्या विंडोज 10 वर एका वेळी एकच जण बसू शकतो. ती मर्यादा तोडणारे पॅच मिळतात, पण ते परवान्याच्या विरुद्ध आहे, आणि शाळेने मुलांसमोर तसं करू नये असं माझं ठाम मत आहे. सर्व्हरचे आणि रिमोट डेस्कटॉपचे परवाने घ्या. एका मशीनवर तीन-तीन वर्गांची मुलं बसत असतील तर माणसामागे नव्हे, यंत्रामागे परवाना घेणं परवडतं. रिमोट डेस्कटॉपच्या परवान्याविना 120 दिवस चालतं, मग जोडणी बंद होते. जूनमध्ये बसवलेलं ऑक्टोबरात अडतं.

नेटवर्कवर भार पडू नये म्हणून रिमोट डेस्कटॉपच्या जोडणीत रंग 16 बिट ठेवा, वॉलपेपर बंद करा. व्हिडिओ रिमोट डेस्कटॉपवर अडखळतो, तो उबुंटूतच लावा. रिमोट डेस्कटॉपचा 3389 हा पोर्ट शाळेबाहेरच्या इंटरनेटला उघडा ठेवू नका.

आमच्याकडे पावसाळ्यात करंट जाणं नेहमीचं. या रचनेचं खरं मोल तेव्हा कळतं: टेबलावरचं मशीन बंद पडलं तरी मुलाचं रिमोट डेस्कटॉपचं सेशन (चालू काम) विंडोज सर्व्हरवर जिवंत राहतं. करंट अर्ध्या तासाच्या आत आला तर पुन्हा लॉगिन केल्यावर अर्धवट पत्र तसंच समोर येतं. त्यासाठी एलटीएसपीचा आणि विंडोजचा असे दोन्ही सर्व्हर आणि नेटवर्क स्विच यूपीएसवर हवेत. क्लायंटना नसला तरी चालेल. सोडून दिलेली सेशनं रॅम अडवतात, म्हणून तुटलेलं सेशन अर्ध्या तासाने संपेल अशी मर्यादा विंडोज सर्व्हरच्या ग्रुप पॉलिसीत (नियमांच्या सेटिंगमध्ये) घाला.

लॅब सुरू करण्याआधी सगळ्या मुलांना एकदम लॉगिन करायला लावा आणि विंडोज सर्व्हरची रॅम बघत बसा. एकट्याने केलेली चाचणी काही सांगत नाही. रॅम संपत आली तर नवे क्लायंट घेण्याआधी सर्व्हरची रॅम वाढवा.