नोझल वीतभर मागं घेतलं

मे महिन्यात जालन्यात ४२ अंश. माझ्या पेट्रोल गाडीला सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जर आहे, म्हणजे फिरत्या पात्यांनी इंजिनात जास्त हवा दाबून भरणारं यंत्र. जोर दिला की नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन आपोआप पेटून ठकठक. म्हणून आत जाणारी हवा थंड करायला निम्मं पाणी, निम्मं मिथेनॉल फवारणारं किट बसवून घेतलं. बसवणाऱ्यानं नोझल थ्रॉटल बॉडीच्या (हवेची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) पुढं, थेट मॅनिफोल्डात, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत ठोकलं.

नॉकिंग गेलं, पण आयडलला, म्हणजे पेडल न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, गाडी खोकायला लागली. प्लग काढले तर पहिला ओलाचिंब, चौथा कोरडा ठणठणीत! टाकी डिकीत, नोझलपेक्षा उंच; आयडलला मॅनिफोल्डात व्हॅक्यूम. पंप बंद असला तरी पाणी ओढलं जायचं.

मित्र म्हणाला, सुपरचार्जरच्या तोंडाशी लाव. नको बाबा, गरगर फिरणाऱ्या पात्यांवर थेंब आपटून पाती झिजतात.

लेथवाल्या मामांकडून आटे पाडलेला ॲल्युमिनियमचा तुकडा करून घेतला. “एवढ्याशा भोकासाठी एवढा कुटाणा?” मामा हसले. तो इंटरकूलरनंतरच्या (दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीनंतरच्या) पाइपला, थ्रॉटलच्या वीतभर आधी वेल्ड केला. तिथं व्हॅक्यूम नाही, फवारा हवेत मिसळायला जागाही मिळते. पंप बंद असताना पाणी अडवायला नोझलजवळच सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडबंद होणारी झडप लावली. हवेच्या तापमानाचा सेन्सर नोझलच्या आधी घेतला; ओला झाला की तो खोटंच थंड दाखवतो.

परवा भर दुपारी अंबडपर्यंत जाऊन आलो. चारही प्लग सारखेच भुरकट.