ग्रासा माशेल यांच्यावर दहा मिनिटं बोलायचंय? मग सुरुवात लग्नापासून करू नका

कॉलेजात, वाचन गटात किंवा महिला दिनाला ग्रासा माशेल यांच्यावर बोलायचं ठरलं की बहुतेक जण एकच वाक्य घेऊन उभे राहतात, दोन देशांची फर्स्ट लेडी झालेली एकमेव बाई. खरंय ते. पण तिथून सुरू केलं ना की सगळा वेळ मोझांबिकचे पहिले राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल आणि दक्षिण आफ्रिकेचे नेल्सन मंडेला या दोन नवऱ्यांमध्येच जातो आणि जी बाई 29 व्या वर्षी मोझांबिकची शिक्षणमंत्री झाली तिचं काम शेवटच्या मिनिटात गुंडाळलं जातं. मला हे मनापासून खटकतं, म्हणून मी कशी मांडणी करीन ते सांगते.

पहिली दोन मिनिटं बालपणाला द्या, जास्त नको. जन्म 1945 चा, मोझांबिकच्या गाझा प्रांतातला, वडील मेथॉडिस्ट पाद्री होते आणि ते तिच्या जन्माआधीच गेले, शिक्षण मिशनच्या शाळेत झालं आणि मग स्कॉलरशिपवर थेट लिस्बन, म्हणजे तेव्हा मोझांबिकवर राज्य करणाऱ्या पोर्तुगालच्याच राजधानीत. तिथे भाषा शिकता शिकता ती स्वातंत्र्याच्या चळवळीत ओढली गेली, गुप्त पोलिसांची नजर पडली आणि पोर्तुगाल सोडावं लागलं.

आता खरा भाग, इथे थांबा. 1973 मध्ये ती फ्रेलिमोत, म्हणजे पोर्तुगीज राजवटीविरुद्ध लढणाऱ्या मोझांबिकच्या मुक्ती चळवळीत गेली. टांझानियात तिने लष्करी ट्रेनिंग घेतलं हे सगळे सांगतात कारण ऐकायला भारी वाटतं, पण त्याच काळात ती फ्रेलिमोच्या तिथल्याच बागामोयो गावच्या शाळेत शिकवत होती ते राहून जातं, आणि माझ्या मते पुढच्या मंत्रिपदाची चावी तिथेच आहे. लढा चालू असतानाच चळवळीने शाळा चालवल्या होत्या, त्यामुळे नवं सरकार आलं तेव्हा शिक्षण कोणाकडे द्यायचं याचं उत्तर वर्गात शिकवलेल्या माणसांमध्येच होतं.

तारखांचा क्रम फळ्यावर लिहा. 25 जून 1975 ला स्वातंत्र्य, लगेच पहिलं मंत्रिमंडळ आणि त्यात ही एकटी बाई, आणि सामोरांशी लग्न त्याच वर्षी पण मंत्री झाल्यावर. ‘राष्ट्राध्यक्षांची बायको म्हणून पद मिळालं’ असं कोणी म्हणालं तर हा क्रम नुसता दाखवा. अर्थात ते दोघं चळवळीतून एकमेकांना ओळखत होते, तेही सांगा, लपवायचं काही नाही त्यात.

मग मंत्री म्हणून हातात काय आलं ते सांगा. दहातल्या नऊहून जास्त लोकांना लिहितावाचता येत नव्हतं, पोर्तुगीज मंडळी हजारोंनी देश सोडून चाललेली आणि त्यांच्यासोबत शिक्षकही. ती 1989 पर्यंत या पदावर होती. या काळात शाळेत जाणाऱ्या मुलांचं प्रमाण साधारण 40 टक्क्यांवरून मुलांमध्ये 90 च्या वर आणि मुलींमध्ये 75 पर्यंत गेलं असं तिच्या बहुतेक चरित्रांमध्ये असतं. आकडा द्या, पण लगेच पुढचं वाक्यही द्या, की रेनामो या सरकारविरोधी बंडखोर संघटनेशी चाललेल्या यादवी युद्धात शाळा जाळल्या गेल्या, शिक्षक मारले गेले, आणि कमावलेलं बरंच हातातून गेलं. फक्त चढती रेघ दाखवलीत तर तिची लढाई किती कठीण होती ते ऐकणाऱ्याला कळणारच नाही.

19 ऑक्टोबर 1986 चा विमान अपघात, ज्यात सामोरा गेले, तो दोन वाक्यांत सांगा, कटाच्या चर्चेत शिरू नका, वेळ खातं ते. त्याऐवजी 1996 चा संयुक्त राष्ट्रांसाठीचा अहवाल घ्या, युद्धाचा मुलांवर काय परिणाम होतो याचा, कारण हा विषय तिने मंत्री असताना स्वतःच्या देशात पाहिलेला होता. मंडेलांशी लग्न 1998 चं, म्हणजे या अहवालानंतरचं. एक वाक्य पुरे.

आणि स्लाइड बनवणार असाल तर एक जरूर तपासा. जोझिना माशेल ही वेगळी बाई, सामोरांची आधीची पत्नी, फ्रेलिमोची लढवय्यी, 7 एप्रिल 1971 ला वारली आणि तो दिवस मोझांबिकमध्ये महिला दिन म्हणून पाळतात. नेटवर दोघींची नावं आणि फोटो सहज मिसळू शकतात, तेव्हा फोटोखालचं नाव आणि साल वाचूनच उचला.